माळसंगीनं काय विचारलं

वर्ष संपत आलं की राज्यातल्या प्रत्येक शहराची यादी जाहीर व्हायची. तुमच्या गावानं वर्षभर इंटरनेटवर सगळ्यात जास्त काय शोधलं, त्याची. एखाद्या शहरानं परदेशी शिष्यवृत्त्या शोधल्या असतील, तर तिथले आमदार चौकाचौकात फलक लावायचे. एखाद्यानं बुवा-बाबा शोधले असतील, तर त्या शहराची पुढचं वर्षभर चेष्टा व्हायची.

दोन हजार एकेचाळीसच्या यादीत चेष्टेची पाळी माळसंगीवर आली. पहिल्या क्रमांकावर एका नटीच्या लग्नाचे फोटो, दुसऱ्यावर क्रिकेटची मॅच, तिसऱ्यावर केस गळण्यावरचा उपाय.

"दीड लाख वस्तीचं गाव," टीव्हीवरचा निवेदक डोळे मिचकावत म्हणाला, "डोक्यात नटीचं लग्न आणि डोक्यावर टक्कल!"

पुण्यातल्या कानोसा केंद्राच्या कँटीनमध्ये हशा पिकला. निलांबरी उरणे हसली नाही. तिच्या समोरच्या ताटातली उसळ गार होत होती. माळसंगी हे तिचं गाव. कृष्णाकाठचं, यंत्रमागांचं गाव. तिचे वडील, अण्णा, तिथं आयुष्यभर माग चालवत आले होते, आणि माळसंगीतून शिकून आलेली त्यांची मुलगी आता ही यादी काढणाऱ्या केंद्रात शास्त्रज्ञ होती.

"वाईट वाटून घेऊ नकोस गं," केंद्राच्या संचालक डॉ. इंद्रायणी सबनीस तिच्या शेजारी बसत म्हणाल्या. "आकडे आहेत ते. गाव जसं आहे तसं दिसणार."

"मॅडम, आकडे शब्दांचे आहेत," निलांबरी म्हणाली. "गावाचे नाहीत."

आणि मग तिनं ठरवूनच टाकलं, की तिच्या गटानं बनवलेलं नवं यंत्र पहिल्यांदा चालवायचं ते माळसंगीवर.

हे यंत्र काय करायचं ते नीट समजून घ्यायला हवं.

समजा, गावात किती जणांनी कधी ना कधी चोरी केली आहे ते तुम्हाला जाणून घ्यायचंय. थेट विचारलं तर कोण सांगेल? मग प्रत्येकाला म्हणायचं, बाबा रे, आडोशाला जाऊन नाणं उडव. छापा पडला तर खरं ते सांग. काटा पडला तर पुन्हा एकदा उडव आणि खरं काहीही असो, या वेळी छाप्याला 'हो' म्हण, काट्याला 'नाही' म्हण. आता कुणी 'हो' म्हणाला तरी त्याला चोर म्हणता येत नाही. बिचाऱ्याचं नाणंच तसं पडलं असेल. पण हजारो उत्तरं गोळा झाली की निव्वळ नाण्यामुळे आलेले 'हो' किती, ते गणितानं काढता येतं. ते वजा केले की गावाचं खरं हाती लागतं आणि माणूस झाकलेलाच राहतो. कानोसा याच तत्त्वावर उभा होता. नाणं प्रत्येकाच्या फोनच्या आतच उडायचं. बाहेर यायचं ते अर्धं खरं, अर्धं नाण्याचं, आणि म्हणूनच कुणाचंच नसलेलं उत्तर.

जुना कानोसा शब्द मोजायचा. निलांबरीचं यंत्र गरज मोजायचं. माणूस एक प्रश्न टाकतो, उत्तर वाचतो, समाधान होत नाही, मग तोच प्रश्न फिरवून विचारतो, पुन्हा फिरवतो. त्या फिरवण्यातून त्याला खरोखर काय हवं आहे ते उमगतं. ते ओळखायचं कामही फोनच्या आतच व्हायचं; केंद्रापर्यंत पोचायचा तो फक्त त्या गरजेचा आणि तिच्यातल्या प्रश्नाच्या प्रकाराचा क्रमांक, तोही नाणं उडवूनच.

माळसंगीचं उत्तर आलं तेव्हा निलांबरी आधी हसली. नटीच्या लग्नाचे फोटो बघणाऱ्यांपैकी बहुतेकांना नटीशी काही देणंघेणंच नव्हतं. ते फोटो मोठे करून साडीचे काठ बघत होते. माळसंगीत तो काठ महिन्याच्या आत मागावर चढला असणार! टीव्हीवाल्याला जी गावाची उनाडकी वाटली, तो गावाचा धंदा होता.

मग तिनं त्याखालची ओळ वाचली आणि तिचं हसू थांबलं.

माळसंगीची सगळ्यात मोठी गरज जुन्या यादीत कुठंच नव्हती, कारण ती हजार वेगवेगळ्या शब्दांत विखुरलेली होती. टीव्हीचा आवाज आणखी कसा वाढवायचा. कानात सारखी शिट्टी वाजते. वडील हाक मारली तरी बघत नाहीत, राग आला असेल का. 'जेवलास का' हे हातानं कसं सांगायचं. 'दमलास का' हे कसं सांगायचं. 'मी आहे ना' हे कसं सांगायचं. यंत्रानं या सगळ्यांचा एकच ढीग केला होता आणि त्यावर आपल्या रूक्ष भाषेत लिहिलं होतं: माझ्या माणसाला माझं बोलणं ऐकू येत नाही, त्याच्याशी बोलायचं आहे.

राज्यात इतरत्र ही गरज तळाला कुठंतरी असायची. माळसंगीत तिनं बाकी सगळं झाकून टाकलं होतं. त्या ढिगात पोटढीग होते. त्यातला एक निलांबरीनं दोनदा वाचला: वडिलांना ऐकू येत नाही हे परगावी असलेल्या मुलीला कसं सांगावं.

तिच्या डोळ्यांसमोर घरचा फोन आला. कित्येक वर्षं तो तसाच चालला होता. अण्णा फोन घ्यायचे, म्हणायचे, "बरं हाय. जेवलीस? हां हां. घे, आईशी बोल." बस, तेवढंच. तिनं काही सांगायला सुरुवात केली की फोन आईच्या हातात. तिनं मनाशी पक्कं धरलं होतं, की आपण हट्टानं पुण्याला आलो, गावातलं स्थळ नाकारलं, ते अण्णांनी अजून मनातून काढलेलं नाही. मग तिनंही हळूहळू फोनवर अण्णांना मागणं सोडून दिलं होतं.

तो प्रश्न आईनं विचारला असेल? कळायला मार्ग नव्हता. तिनंच बनवलेल्या यंत्रानं तो मार्ग बंद केला होता. तिनं संगणक मिटला आणि माळसंगीची बस पकडली.

*

माळसंगी आधी ऐकू यायची, मग दिसायची. स्टँडवर उतरताच खटाक-खटाक असा तो आवाज अंगावर आला. लहानपणी याच आवाजात तिनं अभ्यास केला होता, याच आवाजात झोपली होती. तो आवाज आहे हे तिला आज पहिल्यांदा जाणवलं.

अण्णा परसात बाजेवर बसून लसूण सोलत होते, दाराकडे पाठ करून.

"अण्णा," तिनं हाक मारली.

लसणाची पाकळी सोलली गेली. दुसरी हातात आली.

"अण्णा!"

आई, शालनबाई, स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिनं लेकीकडे एकवार पाहिलं आणि पुढं होऊन बाजेवर हात आपटला. दोरी हादरली. अण्णांनी मान वळवली. आईनं 'लेक' म्हणून हनुवटीखाली बोटं नेली, मग दाराकडे तळहात केला. अण्णांनी वळून पाहिलं आणि त्यांचा सगळा चेहरा उजळला.

"निली! आगं, कळवायचं न्हाई व्हय?"

निलांबरी तिथंच ओट्यावर बसली. "आई, कधीपासून?"

"लई दिवस झालं," आई म्हणाली. "माझा आवाज जरा जाड हाय, तो थोडाफार लागतोय. तुझा बारीक. फोनवर तर त्यांना तुझं काय म्हंजे कायच कळत न्हाई. तुला सांगावं कसं, हेच सुधरंना. ते म्हणायचे, पोरीला सांगू नको, काम सोडून पळत यील."

"मला वाटायचं, अण्णा माझ्यावर रागावलेत."

"राग?" आईचा आवाज चढला. "तुझा फोन ठेवला की मला समोर बसवून घेत्यात. समदं परत हातानं सांगायला लावत्यात. काय म्हणाली, हसली का, खोकत हुती का, आवाज दमल्यागत वाटला का. तुला अर्धा तास, त्यांना एक तास. माझं हात दुखून येत्यात, बाई."

अण्णा दोघींच्या तोंडाकडे पाहत होते. काहीतरी आपल्याविषयी चाललं आहे हे त्यांना कळलं. "माझ्या कानाला काय झालं न्हाई," ते ठासून म्हणाले. "लोकांचेच आवाज बारीक झाल्यात अलीकडं."

आई हसली, निलांबरीही हसली आणि हसता हसता तिला रडू आलं.

संध्याकाळी ती झुबेदाकडे गेली. झुबेदा मुल्लाणी तिच्या वर्गातली, आता गावातली कान-नाक-घशाची एकुलती एक डॉक्टर. तिच्या दवाखान्यात कान तपासायची चांगली आवाजबंद खोली होती, आणि त्या खोलीत झुबेदानं सलाईनच्या पेट्या रचून ठेवल्या होत्या.

"कोण येतंय तपासायला?" झुबेदा म्हणाली. "सर्दी घेऊन येतात, घसा घेऊन येतात. कान घेऊन कुणी येत नाही."

तिनं टेबलावरच्या कानाच्या नमुन्यात शंखासारखा भाग दाखवला. "याच्या आत बारीक केसांसारख्या पेशी असतात. आवाजाच्या लाटेनं त्या लवतात आणि मेंदूला खबर देतात. गवतावरून एकदा चालत गेलीस तर गवत पुन्हा उठतं. रोज त्याच वाटेनं गेलीस तर पायवाट पडते, तिथं पुन्हा काही उगवत नाही. मागाचा आवाज रोज त्याच वाटेनं जातो. आधी बारीक आवाजाच्या पेशी मरतात. म्हणजे बायकांचे आवाज, पोरांचे आवाज. स, श, फ, त असली अक्षरं पुसली जातात. साखर आणि भाकर मागवाल्याला एकच. चावडीवरच्या दोस्ताचा घोगरा आवाज मात्र ऐकू येतो, म्हणून माणूस छातीठोक सांगतो, मला काही झालं नाही. आणि घरात बायको-लेकीला वाटतं, आपल्याशीच बोलत नाहीत."

"मग तपासायला का येत नाहीत?"

"नावापुढं 'बहिरा' लागला की मागावर कोण ठेवणार, ही भीती. आणि पुरुषमाणसाचा ताठा आहेच. पण चल, तुला एक दाखवते."

झुबेदा तिला मागच्या गल्लीत घेऊन गेली. एका शेडचं दार उघडं होतं. आत माग धडधडत होते, आणि समोरच्या घराच्या पायरीवर तांदूळ निवडत बसलेली एक सून आतल्या सासऱ्याशी बोलत होती. हातांनी. सासऱ्यानं मान हलवून बोटं नाचवली, ती खळखळून हसली. पुढं चौकात मुलं लपाछपी खेळत होती, आणि राज्य असलेल्याला चिडवत होती तीही तोंडानं नाही, हातांनी. पानवाला, भाजीवाली, रिक्षावाला, सगळ्यांच्या बोलण्यात मधूनच हात घुसत होते.

"शेडमध्ये आवाज पोचत नाही, म्हणून मागवाल्यांच्या खुणा आपल्या लहानपणीही होत्या," झुबेदा म्हणाली. "दोरा तुटला, बॉबिन संपली, चहा आला, मालक आला. पण तेवढ्यात संसार होत नाही. मग बायकापोरांनी फोनवर मूकबधिरांच्या भाषेतल्या खुणा शोधल्या. तिकडच्या काही, इकडच्या काही. दोन्हींची वीण जमली. आता सगळे त्याला मागबोली म्हणतात."

"कुणी शिकवली?"

"कुणी नाही. एकेकानं आपापल्या घरासाठी शोधली."

निलांबरी त्या चौकात उभी राहिली. एवढ्या घरांनी एकमेकांना न सांगता एकच गोष्ट शोधली होती. भरपाई मागितली नव्हती, दोष कुणाचा ते विचारलं नव्हतं. आपल्या माणसाशी बोलायचं कसं, एवढंच विचारलं होतं. टीव्हीवरच्या त्या निवेदकाला इथं आणून उभं करावं असं तिला वाटलं. तिची मान आपोआप ताठ झाली.

*

पुण्यात सबनीस मॅडमनी तिचा अहवाल वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

"हे फार मोठं आहे, निलांबरी. एक अख्खं गाव बहिरं होतंय आणि कुठल्याच दप्तरात नोंद नाही. मी कामगार विभागाशी बोलले. ते म्हणतात, अंदाजावर काही करता येणार नाही. माणसं दाखवा."

"माणसं दाखवणार कशी? कानोसात माणूस नसतोच."

"कानोसात नसतो. फोनवरच्या शोधांच्या मूळ नोंदी इंटरनेट कंपन्यांकडे सीलबंद आहेत. लोकांच्या आरोग्यासाठी त्या उघडता येतात, कायद्यातच तशी सोय आहे. दोन सह्या लागतात. संचालकांची आणि यंत्राच्या शास्त्रज्ञाची." त्यांनी कागद पुढं सरकवला. त्यांची सही झालेली होती.

निलांबरीनं कागदाला हात लावला नाही. "मॅडम, या बायकांनी जे नवऱ्याला विचारलं नाही, सासूला विचारलं नाही, ते फोनला विचारलं. का? तर आपलं नाव कुणाला कळणार नाही हा भरवसा होता. तो भरवसा मीच दिलाय. उद्या त्यांच्या दारात सरकारी माणूस उभा राहून म्हणाला, तुमचा नवरा बहिरा आहे असं तुम्ही अमुक तारखेला विचारलंत, तर परत कुणी काही विचारेल का?"

"आणि तुझ्या भरवशापायी तिथं रोज माणसं बहिरी होत राहणार, त्याचं काय?" सबनीस मॅडमचा आवाज कठोर नव्हता, त्यांना खरंच पोटतिडीक होती. "तुझ्या वडिलांसारखी माणसं."

हा घाव बरोबर जागी बसला. निलांबरीला बाजेवर पाठमोरे बसलेले अण्णा दिसत होते. एक सही केली तर काम होत होतं.

"आपण त्यांना उघड विचारू," ती शेवटी म्हणाली. "झुबेदा तपासणी करेल. ज्यांना यायचं ते स्वतःच्या पायानं येतील."

"नोकरी जायच्या भीतीनं आजवर आले नाहीत ते आता येतील?"

"माळसंगी येईल."

"आणि नाही आली तर?"

"तर मी केंद्र सोडते. पण सही करणार नाही."

सबनीस मॅडमनी कागद उचलून आपल्या पर्समध्ये टाकला. "जा. पण मोकळ्या हातानं परत आलीस तर मी दुसऱ्या वाटेनं प्रयत्न करणार. मला ते करावंच लागेल."

*

विणकर संघाच्या सभागृहात निलांबरीनं गावाला अहवाल वाचून दाखवला. झुबेदा शेजारी उभी राहून तोच मागबोलीत हातांनी सांगत होती. सभागृह भरलं होतं. निलांबरीनं कुणाचं नाव घेतलं नाही, घेऊ शकतच नव्हती. ती म्हणाली, "टीव्हीवर सांगितलं ते आपल्या गावानं शोधलेलं नव्हतं. आपल्या गावानं शोधलं ते हे. आता यापुढचं मी यंत्राला विचारू शकत नाही, तुम्हालाच विचारायला आलेय. रविवारी कान तपासायला या."

मालक संघाचे अध्यक्ष भूपाल चौगुले उभे राहिले. सत्तरी उलटलेले, पांढरेशुभ्र कपडे, खणखणीत आवाज.

"ताई, तू आपल्या गावची लेक, म्हणून ऐकून घेतलं," ते म्हणाले. "पण इचार कर. काल आपण नटीच्या लग्नाचं गाव होतो. उद्या 'बहिऱ्यांचं गाव' म्हणतील. आमच्या पोरांना सोयरीक कोण देणार? बाहेरचा व्यापारी दारात उभा राहील का? मी मालक म्हणून बोलत न्हाई. या गावची अब्रू म्हणून बोलतोय."

सभागृहात कुजबुज झाली. बऱ्याच माना त्यांच्या बाजूनं हलल्या, त्यात मागावरच्या कामगारांच्याही होत्या. निलांबरीच्या लक्षात आलं, की हा माणूस खोटं बोलत नाहीये. त्यालाही गावाचा तिच्याइतकाच अभिमान होता. म्हणूनच त्याला उत्तर देणं अवघड होतं.

"काका," ती म्हणाली, "अब्रू गेली असती, जर गावानं आपल्या माणसांना कोपऱ्यात बसवून सोडून दिलं असतं. या गावानं काय केलं ते मी तुम्हाला आत्ताच वाचून दाखवलं."

चौगुल्यांनी कानावर हात नेला, मग घाईनं खाली घेतला. ते खाली बसले.

घरी अण्णांचं जेवण झालं. सभेत ते शेवटच्या रांगेत होते. निलांबरीनं ताट बाजूला केलं आणि त्यांच्या समोर मांडी घालून बसली. आईकडून शिकलेल्या खुणा तिनं मनात जुळवल्या. मग हात उचलले. मला. तुमच्याशी. बोलायचंय.

अण्णांनी तिच्या हातांकडे निरखून पाहिलं. "हे काय केलंस?" ते म्हणाले, आणि तिची बोटं धरून त्यांनी वळवली. "हे असं. तू केलंस त्याचा अर्थ, मला तुमच्याशी भांडायचंय."

"तेही आहेच," ती हातांनी म्हणाली. म्हणजे, तसं काहीतरी म्हणाली. अण्णा मोठ्यानं हसले.

मग त्यांचं हसू ओसरलं. ते कोपऱ्यातल्या तांब्याकडे पाहत बसले. "मागावर बसलेल्या माणसाला बहिरं म्हणवत न्हाई, निली. मागाचा आवाज बदलला की आम्हाला दोरा तुटायच्या आधी कळायचं. कान म्हंजे आमची हुशारी. ती गेली म्हणायचं तर..." ते लेकीकडे वळले. "तुला काय सांगायचं हुतं फोनवर इतकी वर्षं?"

निलांबरीनं सांगितलं. नोकरीचं, पहिल्या भाड्याच्या खोलीचं, आजारपणाचं, कौतुकाचं, सगळं. अर्धं ओठांनी, अर्धं हातांनी. जिथं तिला खूण येत नव्हती तिथं आई मदतीला आली. अण्णांनी मधे एकदाही 'हां हां' म्हटलं नाही. त्यांनी प्रत्येक गोष्ट पुन्हा विचारून, समजून घेतली.

शेवटी ते उठले. "रविवारी पयला नंबर माझा," ते म्हणाले. "मोठ्या अक्षरात लिव्हा म्हणावं. बाळकृष्ण उरणे, बहिरा."

*

रविवारी सकाळी सभागृहाबाहेर अण्णा इस्त्रीचा सदरा घालून एकटेच उभे होते. झुबेदानं सभागृहाच्या आतल्या शांत खोलीत यंत्रं मांडली होती. निलांबरी दारात उभी राहून रिकाम्या रस्त्याकडे पाहत होती. सबनीस मॅडम स्वतः पुण्याहून आल्या होत्या आणि खुर्चीवर बसल्या होत्या.

अण्णांची तपासणी झाली. बाहेर येऊन त्यांनी तो आलेख छातीजवळ धरला, वर्गात पहिल्या आलेल्या मुलानं धरावा तसा, आणि थेट चौकात जाऊन उभे राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवू लागले. "हे बघ, हितं आमच्या निलीचा आवाज आसतोय. हितं मला कायबी ऐकू येत न्हाई. गेलाय. तुझा बघितलास का?"

पहिली आली ती तांदूळ निवडणारी सून, सासऱ्याचा हात धरून. मग पानवाला आणि त्याचा भाऊ. मग एक म्हातारी, मागावर राबलेली, नातीबरोबर. मग शेजारच्या शेडचे कामगार घोळक्यानं आले, एकटं यायची लाज घोळक्यात विरघळवत. दुपारपर्यंत रांग सभागृहातून बाहेर पडून चौकातल्या विहिरीपर्यंत गेली. आणि गंमत अशी, की एवढ्या मोठ्या रांगेत गोंगाट नव्हता. रांगेतली माणसं हातांनी गप्पा मारत होती. सबनीस मॅडम खुर्ची सोडून केव्हाच दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

अचानक रांगेतले हात थांबले. भूपाल चौगुले येत होते. त्यांच्या शेजारी त्यांची सून पद्मजा होती.

निलांबरी पुढं झाली. तिला वाटलं, आता हे सगळं थांबवायला सांगणार. चौगुले तिच्यासमोर थांबले, पण पाहत राहिले ते सुनेच्या हातांकडे. पद्मजानं हातांनी त्यांना काहीतरी सांगितलं.

"मालक होण्याआधी मी पण माग चालवलाय," चौगुले सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. आपला आवाज एवढा खणखणीत का होता, ते त्यांनाही आता कळलं असावं. "परवाच्या सभेत ह्या पोरीनं काय वाचलं ते मला निम्मं कळलंच न्हवतं. झुबेदाच्या हातांकडं बघायला मला लाज वाटत हुती. घरी गेल्यावर सूनबाईनं परत सगळं सांगितलं, हातांनी. मी म्हटलं, तू हे कधी शिकलीस? ती म्हणाली, तुमच्यासाठीच शिकले, मामंजी, पण तुम्ही कधी माझ्या हातांकडं बघितलंच न्हाई." त्यांनी रांगेच्या टोकाकडे पाहिलं. "माझा नंबर कुठं?"

"पुढं या की, अध्यक्ष!" कुणीतरी हाक दिली.

चौगुल्यांना ती ऐकू गेली नाही. ते चालत विहिरीपर्यंत गेले आणि रांगेच्या शेवटी आपल्याच शेडमधल्या कामगाराच्या मागं उभे राहिले.

सबनीस मॅडमनी पर्समधून तो सही केलेला कागद काढला, एकदा घडी घातली, दुसऱ्यांदा घातली, आणि फाडून टाकला. "निलांबरी," त्या म्हणाल्या, "मला 'अभिनंदन' कसं म्हणायचं ते दाखव."

*

त्यानंतर जे झालं त्याला वेळ लागला, पण ते झालं. गावानं स्वतःच्या नावानिशी दिलेले आलेख कामगार विभागाला नाकारता येईनात. बहिरेपणामुळे कुणाला कामावरून काढता येणार नाही असा नियम आला. आवाज गिळणारे नवे माग आधी माळसंगीत बसले, आणि त्यासाठी मंत्रालयात खेटे घालणाऱ्यांत चौगुले सगळ्यात पुढं होते. ज्यांचे कान गेले होते ते परत आले नाहीत. त्या पायवाटेवर गवत उगवणार नव्हतं. पण मागावर नव्यानं बसणाऱ्या मुलींचे कान शाबूत राहणार होते.

'बहिऱ्यांचं गाव' म्हणून कुणी हिणवलं नाही असं नाही. पण शेजारच्या राज्यांच्या कानोसांत दुसरीच एक गोष्ट उमटू लागली. राज्याबाहेरच्या विणकर गावांतून, दगडाच्या खाणींजवळच्या वस्त्यांतून, जिथं जिथं यंत्रांनी माणसांचे कान खाल्ले होते तिथून लोक शोधू लागले: माळसंगीच्या खुणा कशा करतात. आई, पद्मजा आणि तांदूळ निवडणाऱ्या त्या सुनेनं मिळून मग त्यांचे व्हिडिओ केले. आई कॅमेऱ्यासमोर इतकी ऐटीत बसायची, की अण्णांनी तिचं नाव 'प्राध्यापक' ठेवलं.

निलांबरी आता फोनवर अण्णांना मागायची. पडद्यावर समोरासमोर बसून दोघं हातांनी बोलायचे, आणि आई तक्रार करायची की मला कुणी विचारतच नाही.

एका रविवारी बोलता बोलता अण्णांनी एक खूण केली, जी निलांबरीला येत नव्हती. कपाळाला बोट लावून त्यांनी ते हवेत उंच नेलं आणि तिथंच थरथरवलं.

तिला वाटलं, मागबोलीत नवा शब्द आला असेल. यंत्रात पाहिलं असतं तर अर्थ मिळाला असता. तिनं सरळ अण्णांनाच विचारलं, "म्हणजे काय?"

"शब्द न्हाई," अण्णा म्हणाले. "नाव हाय. डोकं, आन् आभाळातली चांदणी. पन ते गावानं ठिवलंय, मी न्हाई. चौकात कुणी एका पोरीचं सांगायला लागलं की असंच करत्यात."

"कुणाचं नाव?"

अण्णांनी पुन्हा एकदा कपाळाला बोट लावलं, सावकाश, अभिमानानं उंच नेलं, आणि मग ते बोट पडद्यातून थेट तिच्याकडे रोखलं.